लोलक खराब नाही, फट रुंद आहे

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला तो बरोबर कळला का ते तुम्हाला पाहता येईल. मुलगी दहावीत, हिंदी माध्यमात. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या बाजारातून अ‍ॅक्रिलिकचा प्रिझम आणला. लश्कर भागातल्या तुमच्या घरी दुपारच्या उन्हात खिडकीत धरला, तर भिंतीवर भलामोठा पांढरा पट्टा पडतो. त्याच्या एका कडेला तांबडं-पिवळं, दुसऱ्या कडेला निळं-जांभळं, आणि हिरव्याचा पत्ता नाही. दुसरा प्रिझम उलटा लावून रंगांचा परत पांढरा करायला गेलात तर तेही नीट जमत नाही. दुकानदार म्हणतो, काचेचा, भारीतला घ्या. आणि मुलगी विचारते की हे रंग आले कुठून, काचेतून की उन्हातून?

भारीतला घेऊ नका. आहे तो चालेल. ग्वाल्हेरच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं फिजिक्सच्या प्रॅक्टिकलची टेबलं सांभाळली आहेत. एवढ्या वर्षांत 'सर, प्रिझम खराब आहे' हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. त्यांतले खरोखर खराब निघालेले लोलक एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बहुतेक वेळा लोलकावर पडणारा उजेडच फार रुंद असतो. तुमच्याकडेही तेच झालंय.

पुढे जाण्याआधी शब्दाचा एक घोळ मिटवतो, कारण आपल्याकडच्या मराठी घरांत तो हमखास होतो. मराठीत प्रिझमला लोलक म्हणतात. झुंबराला लटकतात ते काचेचे तुकडे लोलक, त्यावरूनच. जयविलास महालाच्या दरबार हॉलमधली ती दोन झुंबरं तुम्ही पाहिलीच असतील. एकेक साडेतीन टनांचं, आणि टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून त्याची ताकद तपासली असं सांगतात. तिथल्या लोलकांच्या कडांवर जे रंग चमकतात तोच आपला विषय. पण मुलीच्या हिंदी पुस्तकात 'सरल लोलक' म्हणजे दोरीला बांधलेला गोळा, ज्याला मराठीत आपण लंबक म्हणतो! आजोबांनी 'लोलक आण' म्हटल्यावर नातीनं दोरा आणि गोळा आणून दिल्याचं मी स्वतःच्या घरी पाहिलं आहे. उजेडातले रंग असे सुटे होतात त्याला आपण अपस्करण म्हणतो, ते तिच्या पुस्तकात 'विक्षेपण' आहे. रंगांचं पाठांतरसुद्धा उलटं: आपलं 'तानापिहिनिपाजा' तांबड्यापासून सुरू होतं, तिचं 'बैनीआहपीनाला' जांभळ्याकडून. परीक्षेत तिनं तिचेच शब्द लिहावेत. इथं मी माझे वापरतो.

आता मुद्दा. भिंतीवर जे दिसतं ती एक आकृती नसते. ती एकाच भोकाची पुष्कळ चित्रं असतात, एकमेकांच्या शेजारी थोडी थोडी सरकवून ठेवलेली. तांबडा उजेड त्या भोकाचं एक तांबडं चित्र काढतो, पिवळा त्याच्याच जरा पुढे एक पिवळं, हिरवा त्याच्या पुढे हिरवं, असं जांभळ्यापर्यंत. लोलक एवढंच करतो की प्रत्येक रंगाला किंचित वेगळ्या कोनात वळवतो. चित्रं अरुंद असली तर ती शेजारी शेजारी बसतात आणि रंग सुटे दिसतात. चित्रं रुंद असली तर ती एकमेकांवर चढतात. मधल्या भागात सगळेच रंग एकावर एक पडतात, आणि सगळे रंग एकत्र म्हणजे पांढरा. फक्त दोन टोकं उरतात. एका टोकाला तांबड्याचं चित्र बाकीच्यांच्या बाहेर डोकावतं, म्हणून तिथं तांबडं-पिवळं. दुसऱ्या टोकाला निळ्या-जांभळ्याचं. हिरवा मधला, तो कधीच एकटा बाहेर येत नाही, म्हणून तो तुम्हाला दिसला नाही. तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. खिडकीच्या उघड्या पाखातून आलेला चार बोटं रुंद झोत लोलकावर पडला आणि भिंत हातभर अंतरावर असली, तर असंच दिसणार.

याच दृश्यावर एक फार मोठा माणूस घसरला होता, हे मुलीला जरूर सांगा. जर्मन कवी ग्योटे यानं लोलक डोळ्याला लावून पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. भिंत पांढरीच दिसली, रंग फक्त कडांना. त्यावरून त्यानं ठरवलं की न्यूटन चुकला, रंग उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर जन्मतात. आयुष्याची कितीतरी वर्षं त्यानं या विषयाला दिली आणि १८१० साली त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. त्यानं जे पाहिलं ते अगदी खरं होतं, पण अर्थ चुकीचा लावला. पांढऱ्या भिंतीचा प्रत्येक बिंदू आपापला वर्णपट, म्हणजे रंगांचा पट्टा, पाडत असतो आणि ते सगळे एकमेकांवर चढून परत पांढरे होतात, हे त्याच्या ध्यानी आलं नाही.

न्यूटनचं थोर काम कशात होतं तेही नीट समजून घ्यायला हवं, कारण शाळेत ते चुकीचं सांगतात. लोलकातून रंग दिसतात हे त्याच्या आधी सगळ्यांना ठाऊक होतं. लोलक जत्रेत खेळणं म्हणून विकले जात, आणि न्यूटननंही आपला असाच जत्रेत घेतला अशी आख्यायिका आहे. आपल्या मेळ्यात भिंगरी घ्यावी तसा. त्याला नवल वाटलं ते रंगांचं नव्हे, लांबीचं. खिडकीच्या झडपेला त्यानं पाव इंचाचं भोक पाडलं होतं आणि भिंत २२ फुटांवर होती. सूर्य गोल, भोक गोल, तेव्हा ठिपकाही गोल पडायला हवा. पडला तो सव्वातेरा इंच लांब आणि अडीच इंचांहून जरासा जास्त रुंद. रुंदीचा हिशेब लागत होता: सूर्य आकाशात अर्धा अंश जागा व्यापतो, २२ फुटांवर त्याचे साधारण अडीच इंच होतात. पण लांबी पाचपट कशी? सगळा उजेड एकाच कोनात वळत असता तर हे शक्य नव्हतं. म्हणजे पांढऱ्यात वेगवेगळं वळणारे उजेड आधीपासूनच मिसळलेले होते. हे त्यानं १६७२ साली छापलं.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच दुसऱ्या प्रयोगात आहे. त्या काळी बहुतेकांना वाटायचं की काच उजेडाला डागते, कापड रंगात बुडवावं तशी. न्यूटननं पहिल्या लोलकाच्या पट्ट्यातला एकच रंग दुसऱ्या भोकातून पुढे जाऊ दिला आणि तो दुसऱ्या लोलकावर पाडला. काच रंग चढवत असती तर दुसऱ्या काचेनं त्या तांबड्यावर आणखी काही चढवलं असतं. तसं झालं नाही. तांबडा तांबडाच राहिला, वळला मात्र पहिल्याइतकाच, आणि जांभळा त्याच्याहून जास्त वळला. रंग उन्हातलेच. काच त्यांना वेगळं काढते, बस.

आता तुमच्या खिडकीकडे. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या आणि ब्लेडनं त्यात एक उभी फट कापा, तीन सेंटीमीटर लांब आणि दीड मिलिमीटर रुंद. फटीच्या कडा सरळ हव्यात. कात्रीनं कापलेली फट वाकडी होते आणि मग सगळंच वाकडं. खोली जमेल तितकी अंधारी करा, खिडकीच्या उरलेल्या भागावर कांबळं टाका. ऊन फटीतून येईल, त्याच्या वाटेत हातभर अंतरावर लोलक ठेवा. फट उभी असेल तर लोलकही उभाच हवा, त्याची धार फटीला समांतर. हे न पाळल्यानं निम्मी मुलं फसतात: फट उभी आणि लोलक आडवा, मग रंग फटीच्या लांबीच्या दिशेनं पसरतात आणि एकमेकांवर चढून पुन्हा पांढरे. दुपारी बाराचं ऊन डोक्यावरून येतं, ते कामाचं नाही. साडेचारनंतरचं पश्चिमेचं घ्या, किंवा बाहेर ओट्यावर आरसा ठेवून ऊन आडवं आत घ्या. सूर्याकडे लोलकातून डोळा लावून कुणीही पाहायचं नाही, हे मुलीला दोनदा सांगा.

लोलकावर ऊन सरळ समोरून पाडू नका. काटकोनात शिरलेला किरण दुसऱ्या बाजूला ६० अंशांनी आदळतो. अ‍ॅक्रिलिकमधून साधारण ४२ अंशांपलीकडे किरण बाहेरच पडू शकत नाही, तो आतल्या आत परावर्तित होतो आणि तिसऱ्या बाजूनं सरळ बाहेर येतो. पांढराच, रंगाचा लवलेश नाही! 'सर, यातून रंगच येत नाहीत' म्हणून माझ्याकडे आलेल्या कित्येकांचा लोलक असाच बसवलेला असायचा. ऊन तिरकं हवं, बाजूच्या काटकोनापासून पन्नासेक अंश कललेलं. मोजत बसू नका. भिंतीवर रंगांचा पट्टा आला की लोलक एकाच दिशेनं हळूहळू फिरवा आणि नजर पट्ट्यावर ठेवा. पट्टा सरकत जाईल, एका जागी थबकेल आणि लोलक त्याच दिशेनं फिरत असतानाही उलट फिरेल. थबकतो तिथं थांबा. प्रयोगशाळेत याला मिनिमम डेव्हिएशन, म्हणजे सगळ्यांत कमी वळण, म्हणतात. या जागी किरण लोलकाच्या आतून पायाला समांतर जातो आणि पट्टा सगळ्यांत स्वच्छ पडतो. स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीत सोडियमची पिवळी रेघ येते, अडखळते आणि परत फिरते, ते पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. मी तर म्हणेन, सगळ्या प्रॅक्टिकलमध्ये एवढा एकच क्षण शिकवण्यासारखा आहे. बाकी व्हर्निअरची वाचनं आणि हिशेब.

किती मोठा पट्टा अपेक्षावा? साध्या क्राऊन काचेच्या ६० अंशांच्या लोलकातून तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग मिळून दीड अंशाच्या आसपास पसरतात. तीन मीटरवर त्याचे सात-आठ सेंटीमीटर होतात. अ‍ॅक्रिलिकचं जवळजवळ तेवढंच. म्हणून म्हटलं, काचेचा घेऊन या बाबतीत काही फरक पडणार नाही. अ‍ॅक्रिलिकचे दोष निराळे: त्यावर ओरखडे चटकन पडतात आणि साच्यात ओतलेल्या स्वस्त लोलकाच्या बाजू पुरत्या सपाट नसतात, त्यामुळे पट्टा थोडा पोक आलेला दिसतो. चालतं.

इथं एक गंमत आहे, जी पुस्तकात सापडत नाही. फट बारीक केली, भिंत लांब नेली, तरी एका मर्यादेपलीकडे रंग आणखी स्वच्छ होत नाहीत. कारण तो सूर्याचा अर्धा अंश. तीन मीटरवर त्याचेच अडीच सेंटीमीटर होतात, म्हणजे प्रत्येक रंगाचं चित्र निदान तेवढं रुंद. भिंत दूर नेली तर पट्टाही वाढतो आणि हा फुगवटाही त्याच प्रमाणात. फटीच्या रुंदीवर अंतराचा इलाज चालतो, सूर्याच्या रुंदीवर चालत नाही. त्यावर उपाय भिंगाचा. घरातलं वाचायचं बहिर्गोल भिंग, पंचवीसेक सेंटीमीटर नाभीय अंतराचं, फटीपासून सत्तावीस सेंटीमीटरवर धरलं की तीन मीटरवरच्या भिंतीवर फटीचं स्पष्ट चित्र उमटतं. ते अकरापट मोठं होतं, म्हणजे एक मिलिमीटरची फट अकरा मिलिमीटर. अडीच सेंटीमीटरपेक्षा कितीतरी बरं. आधी लोलकाशिवाय भिंतीवर फट स्पष्ट करून घ्या, मग भिंगाच्या लगेच पुढे लोलक ठेवा. पट्टा बाजूला वळणार, तेव्हा त्या दिशेलाही तेवढ्याच अंतरावर भिंत किंवा पांढरा पुठ्ठा हवा. हिरवा नाही दिसला तर मला कळवा.

आता रंग वेगवेगळे वळतात तरी का? पुस्तकात लिहिलेलं असतं की काचेत जांभळ्याचा वेग कमी आणि तांबड्याचा जास्त. खरं आहे. क्राऊन काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काच उजेडाला किती पट मंद करते तो आकडा, ६५६ नॅनोमीटरच्या तांबड्याला १.५१४ आणि ४८६ नॅनोमीटरच्या निळ्याला १.५२२. वेगात सांगायचं तर तांबडा सेकंदाला सुमारे १ लाख ९८ हजार किलोमीटर, निळा १ लाख ९७ हजार. पोकळीत दोघेही ३ लाखांनी बरोबरीनं धावत होते. पण वेग वेगवेगळा का, यावर पुस्तक गप्प बसतं आणि मुलीही पुढे विचारत नाहीत.

तुम्ही ग्वाल्हेरच्या, म्हणून सोपं पडेल. जीवाजीगंजात सरोद घर आहे, तिथली सरोदं पाहिली असतील. मुख्य तारांच्या खाली तरफेच्या बारीक तारा असतात, त्यांना कुणी छेडत नाही. वरची तार वाजली की त्या आपोआप थरथरतात. पण कुठली किती थरथरते? वाजवलेला सूर तरफेच्या सुराच्या जितका जवळ, तितकी ती जास्त हलते. काचेतले इलेक्ट्रॉन या तरफेच्या तारा समजा. त्या लावलेल्या आहेत अतिनीलातल्या एका फार उंच सुरावर, आपल्या डोळ्याला न दिसणाऱ्या. तांबडा उजेड हा खालचा सूर, त्यांच्यापासून लांब, त्याच्यानं त्या जेमतेम हलतात. जांभळा वरचा, त्यांच्या जवळचा, त्याला त्या जास्त साथ देतात. इलेक्ट्रॉनांची ही थरथर मूळ लहरीत मिसळते आणि लहर मागे रेंगाळते. जितकी साथ जास्त, तितकं रेंगाळणं जास्त, आणि तितकं तिरकं शिरताना वळणंही जास्त. या साऱ्यात उजेडाची वारंवारिता, म्हणजे त्याचा सूर, बदलत नाही. काचेत तरंगलांबी आखडते, सूर तोच राहतो. म्हणून तांबडा काचेतून निघाला तरी तांबडाच असतो.

काचेपरत्वे या तरफा वेगळ्या लागलेल्या असतात. फ्लिंट काच, जिच्यात पूर्वी शिसं घालत, ती रंगांना क्राऊनच्या दुपटीहून जास्त फाकवते. झुंबराचे लोलक शिशाच्या काचेचे का करत याचं उत्तर यातच आहे. या फ्लिंटनं मला एकदा चांगलाच धडा दिला. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. दोन मुलींच्या जोडीनं अपवर्तनांक १.६२ आणला. आमच्याकडच्या लोलकांचा १.५२ येतो हे मला पाठ होतं, म्हणून मी वही न पाहताच परत करायला लावला. परत १.६२. तिसऱ्यांदाही तेच आलं, तेव्हा त्यांतली एक रडवेली होऊन म्हणाली, सर, हा लोलक बाकीच्यांपेक्षा जड लागतो. हातात घेतला आणि माझे कान लाल झाले. पेट्यांची अदलाबदल होऊन त्यांच्या टेबलावर फ्लिंटचा लोलक गेला होता. क्राऊन काचेची घनता अडीच, या फ्लिंटची साडेतीनच्या वर, हातालाच कळतं. त्या दोघींना पैकीच्या पैकी दिले आणि त्या दिवसापासून वाचन पाहिल्याशिवाय कुणाला चूक म्हटलं नाही.

दोन लोलकांचा खेळ तुम्हाला जमला नाही, त्याचंही कारण आहे. दुसरा लोलक उलटा लावला की त्या दोघांची मिळून जणू समांतर बाजूंची एक जाड काच होते. त्यातून सगळे रंग परत एकमेकांना समांतर होतात, पण समांतर म्हणजे एकाच जागी नव्हे. ते शेजारी शेजारीच राहतात. दोन लोलक एकमेकांना चिकटून असतील तर फरक नगण्य, मध्ये वीतभर जागा सोडली तर कडा रंगीतच राहणार. शिवाय दोन्ही लोलक एकाच मालाचे आणि समोरासमोरच्या बाजू नेमक्या समांतर हव्यात. पुस्तकातलं चित्र फार सुबक असतं, टेबलावर ते तसं उतरत नाही. खिडकीच्या साध्या काचेतून रंग का दिसत नाहीत तेही यातच आलं: तिच्याही बाजू समांतर. पैलू पाडलेल्या कडेच्या आरशाकडे पाहा, त्या तिरक्या कडेतून रंग पडतातच.

प्रदर्शनात मी असतो तर दुसरा लोलक बाजूला ठेवला असता. रंगांच्या पट्ट्याच्या वाटेत एक मोठं बहिर्गोल भिंग धरा, सगळे रंग त्यात मावतील एवढं. कागद मागे-पुढे करा, एका जागी सगळे रंग येऊन पांढरा ठिपका होतो. न्यूटननंही भिंगानं हे केलं होतं. आता भिंगाजवळ रंग सुटे असतात तिथं पेन्सिल आडवी घालून फक्त हिरवा अडवा. पांढरा ठिपका गुलाबी-जांभळट होतो. निळा अडवला तर पिवळट. परीक्षकाला तोंडानं काही सांगावं लागत नाही, आणि पांढरा म्हणजे काय हे त्याला जन्मभर लक्षात राहतं. रंगीत तबकडी फिरवून पांढरा करून दाखवतात, ती मला कधीच आवडली नाही. ती राखाडी दिसते, आणि तिच्यातून उजेडाबद्दल कमी, डोळ्याच्या आळसाबद्दल जास्त कळतं.

'सात रंगच का' असं परीक्षकानं विचारलं, तर प्रामाणिक उत्तर हे की सात मोजून ठेवलेले आहेत. पट्ट्यात कुठे रेघ नसते, तांबडा संपून नारंगी कुठे लागला हे कुणी सांगू शकत नाही. न्यूटननं आधी पाचच मोजले होते. पुढे त्यात नारंगी आणि पारवा घातले आणि सप्तकाच्या सात सुरांशी त्यांची सांगड घातली. तानसेनाच्या गावच्यांनी यावर खूश व्हायला हरकत नाही, पण ते विज्ञान नव्हे, आवड होती. पारवा मला तरी आजवर वेगळा दिसलेला नाही.

परीक्षक सीडीवरचे रंग दाखवून 'हेही अपस्करणच का' असं फसवू शकतात. नाही. सीडीवर बारीक खाचांच्या ओळी असतात, एकमेकींपासून १.६ मायक्रॉनवर, आणि रंग येतात ते विवर्तनामुळे, म्हणजे खाचांवरून उजेड वळून पसरतो त्यामुळे. ओळखायची खूण सोपी: लोलकात जांभळा सगळ्यांत जास्त वळतो, सीडीत तांबडा. साबणाच्या फुग्याचे आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग तिसऱ्याच कारणानं, व्यतिकरणानं, म्हणजे पातळ थराच्या दोन बाजूंवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळल्यानं. इंद्रधनुष्य मात्र आपल्याच कुळातलं, काचेऐवजी पाण्याचा थेंब.

वेळ उरला तर एक गोष्ट अवश्य दाखवा, ती लोकांना सगळ्यांत आवडते. उन्हाऐवजी घरातले दिवे. काळ्या कागदातल्या बारीक फटीमागे दिवा ठेवा, चार-पाच हातांवर उभं राहून लोलक डोळ्याशी धरा आणि फट शोधा. जुना तारेचा बल्ब सलग पट्टा देतो. सीएफएल तुटक तुटक रंगीत फटी दाखवतो, कारण आतला पारा आणि नळीच्या आतला लेप ठराविक रंगच सोडतात. मोबाईलचा पांढरा टॉर्च तर लबाड: ४५० नॅनोमीटरच्या आसपास भडक निळा, मग एक अंधूक खळगा, आणि पुढे हिरव्यापासून तांबड्यापर्यंत पसरट उजेड. निळ्या एलईडीवर पिवळट लेप देऊन त्याला पांढरा भासवलेलं असतं. तीन दिवे डोळ्याला सारखेच पांढरे, लोलकाला तिघेही वेगळे.

याच युक्तीनं सूर्यात काय आहे ते कळलं. १८१४ मध्ये फ्राउनहोफर या जर्मन शास्त्रज्ञानं फार बारीक फटीतून सूर्याचा पट्टा पाहिला, तर त्यात शेकडो काळ्या रेघा. फट रुंद असती तर त्या कधीच दिसल्या नसत्या, हे तुमच्या खिडकीवरून आता पटेल. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी आपल्याच देशात, गुंटूरला, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला वर्णपटदर्शकातून पाहिल्या. पुढे ऑक्टोबरमध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांना इंग्लंडमधून ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेघ आढळली, सोडियमच्या जवळची पण सोडियमची नव्हे. ती हेलियमची. आपल्या मराठी लेखांतून सर्रास वाचायला मिळतं की लॉकियरनं १८६८ मध्ये विजयदुर्गावर हेलियम शोधला. लॉकियर विजयदुर्गावर आले ते १८९८ च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. ग्रहण पाहण्यासाठी बांधलेले किल्ल्यावरचे ओटे खरे, गोष्ट मात्र सरकलेली आहे. मुलीच्या तक्त्यावर ती चूक जाऊ देऊ नका.

शेवटी लोलकाची निगा. बाजूंना बोट लावायचं नाही, धरायचा तो वरून-खालून. धूळ आधी फुंकून काढा, मग धुतलेल्या मऊ सुती कापडानं टिपा, घासू नका. पदर किंवा रुमाल तर नकोच, अ‍ॅक्रिलिकवर त्याचे चरे उठतात. स्पिरिटनं पुसाल तर त्यात बारीक तडे जातात, ते काचेचं औषध आहे. प्रदर्शन सकाळचं असेल तर आदल्या दिवशी त्याच वेळी शाळेत जाऊन पूर्वेची खिडकी कुठली आणि तिच्यासमोर झाड नाही ना, एवढं बघून या.